कॅमेऱ्याखालची खुर्ची

माझी मावशी पडद्यावर उभं आयुष्य रडली आणि घरात कधीच नाही. जाहिरातींवर तिच्या नावाच्या वर ‘अश्रूंची राणी’ असं छापायचे, आणि ही राणी घरी कांदा चिरतानासुद्धा कोरडी ठणठणीत. आजी गेली, म्हणजे मावशीची सख्खी आई, तेव्हा शेजारणी टक लावून तिच्या डोळ्यांकडे बघत बसल्या होत्या. फुकटात खेळ बघायला मिळेल अशी आशा असावी. मावशीने सगळ्यांना चहा केला, कपबश्या विसळल्या, आणि मंडळी गेल्यावर मला म्हणाली, “आतून सगळं सुकलंय गं माझं. मास्तर असते तर मी रडले असते.”

मास्तर म्हणजे फिडलवाले. हे नीट सांगायला हवं, कारण हल्लीच्या लोकांना वाटतं की चित्रपट मुका म्हणजे सेटवर सगळं चिडीचूप. उलट, असा गोंगाट मी पुढे जन्मात ऐकला नाही. शेजारी सुतार दुसऱ्या चित्रपटाचा राजवाडा ठोकतायत, कॅमेरा शिवणयंत्रासारखा खटखटतोय आणि दिग्दर्शकसाहेब तोंडाला कर्णा लावून ओरडतायत, “आता पत्र वाचा! आता हादरा! अजून हादरा!” त्या बाजारात माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं कसं? म्हणून कॅमेऱ्याच्या खाली, डाव्या अंगाला, चित्रात येणार नाही अशा बेताने एक बुटकी खुर्ची ठेवलेली असे आणि तिच्यावर बसून मास्तर फिडल वाजवत. प्रेक्षकांना ते कधी ऐकू येणार नव्हतं. ते फक्त मावशीसाठी होतं.

मी मावशीचे केस बांधायची आणि तोंड रंगवायची. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लालाचं काळं व्हायचं. त्यामुळे तिच्या तोंडाला पिवळा लेप आणि ओठांना निळसर रंग लावावा लागे. पडद्यावर ती चंद्रासारखी दिसायची, पण हातभर अंतरावरून पाहिलं तर पाण्यातून काढलेल्या बाईसारखी. मी रोज स्वतःच्या हातांनी तिला तसं करायची आणि रोज माझ्या अंगावर काटा यायचा. मग मास्तर गज तारांवर टेकवायचे, त्या पिवळ्या चेहऱ्यातून काहीतरी हलायचं, आणि डोळे भरून यायचे. दरवेळी, न चुकता.

तिची सुरुवातही तशीच झालेली. ती कंपनीत कपडे शिवायला होती. एकदा नायिका रुसून निघून गेली, प्रकाश जात चालला, आणि साहेबांना खिडकीत रडणारी कुठलीही बाई हवी होती. मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून तिला खिडकीत उभी केली. मास्तरांनी वाजवायला घेतलं आणि ही अशी रडली की खिळे ठोकणारे सुतारसुद्धा थांबले. त्यानंतर तिच्या हातात सुई आली ती फक्त चित्रपटातल्या गरीब विधवेच्या भूमिकेत.

मी एकदा मास्तरांना विचारलं, “मास्तर, ती रडवणारी चाल कुठली हो?”

“चाल कसली आलीय, भाचीबाई?” ते गजाला राळ घासत म्हणाले. राळेचा एक खडा त्यांच्या जुन्या पत्र्याच्या डबीत असायचा. ती राळ गजाच्या केसांना घासली की केस तारेला धरतात आणि आवाज फुटतो. “मी काही ठरवून येत नाही. बाईंच्या तोंडाकडे बघतो आणि जे दिसतं ते वाजवतो. त्या माझ्याकडे बघतात. एवढंच.”

खरंच एवढंच होतं. मावशीचे सगळे चित्रपट आठवा. रडताना तिची नजर नेहमी जराशी खाली आणि डावीकडे. लोक म्हणायचे, काय विनय, काय सोसणं! विनय कसला, ती मास्तरांच्या गजाकडे बघत असायची. त्या दोघांत आणखी काही होतं का, असं लोक मला विचारतात. मी सांगते की बारा महिने तेरा काळ ती एकमेकांना ‘बाई’ आणि ‘मास्तर’ म्हणत आणि सेटबाहेर फार बोलत नसत. ज्याला त्यातून जे घ्यायचं ते त्याने घ्यावं.

मग बोलपट आले.

सगळे म्हणाले, आता हिचा आवाज कसा निघतो बघू. पाण्यात पाहणारे तर देव बुडवून बसले होते. पण आवाज उत्तम निघाला, जाडसर, भरलेला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. घात झाला तो डोळ्यांचा. कंपनीने भिंतींना गाद्या लावल्या, पंखे बंद केले, खिळे बंद केले. कॅमेरा त्याच्या खटखटीसकट एका काचेच्या खोलीत कोंडला. आवाजवाला, म्हणजे आवाज धरणारा माणूस, कानांना डबे लावून दुसऱ्या खोलीत बसला आणि तिथून पेन्सिल पडली तरी ओरडायला लागला. त्या गाद्यांमधे आपला स्वतःचा शब्दही तोंडातून निघाल्याबरोबर मरून पडायचा. आणि अर्थातच फिडल बंद. मास्तरांना घरी पाठवलं. गरज सरो, वैद्य मरो.

मावशी रडूच शकेना. डोळ्यांत औषध घातलं, तर पाणी आलं पण रडू आलं नाही. साहेब म्हणाले, “बाई, नळ गळतोय असं वाटतं.” आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसरा फिडलवाला आणून शॉटच्या आधी वाजवून बघितलं, तर त्याचं तोंड बघून तिला हसू फुटलं. मालक कंपनीचे सर्वेसर्वा, तसे भले, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, “रडणाऱ्या बाईला रडता येत नसेल तर मी तिला पोस्टरवर काय म्हणून छापू? हा चित्रपट पुरा करा. शेवटच्या दृश्यात रडलात तर तुम्ही आमच्या. नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत.”

मावशीने मला मास्तरांकडे धाडलं. ते एका शिंपिणीच्या माडीवरच्या खोलीत राहत. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खोकले, कारण त्यांची छाती आताशा बरी नव्हती, आणि उठून गज काढला. मग बादलीत पाणी घेतलं, साबण घेतला, आणि गजाचे केस धुवायला लागले.

“अहो मास्तर, हे काय?”

“राळ काढतोय. राळेवाचून गज मुका. तारांवर कितीही फिरवला तरी घसरत जातो, आवाजवाल्याला कळायचंसुद्धा नाही.” त्यांनी गज उन्हात टांगला. “बाईंना आवाज लागतच नाही, भाचीबाई. त्यांना माझा हात दिसला की पुरे.”

मला तेव्हा फार वाईट वाटलं. वाजवणाऱ्याने आपल्या हाताने आपला गज मुका करायचा, हे बघवत नव्हतं. त्यांना मात्र गंमत वाटत होती. म्हणाले, “चित्रपट बोलायला लागला, आता मुकं कुणीतरी व्हायला नको का?”

तर बुटकी खुर्ची परत कॅमेऱ्याच्या काचेच्या खोलीखाली आली. मास्तर बसले, धुतलेला गज तारांवर फिरू लागला, खाली-वर, खाली-वर, आणि कानाला काहीही नाही. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे श्वास रोखून त्या बिनआवाजाच्या वाजवण्याकडे बघत होते. आणि मावशीचे डोळे भरून आले. आवाजवाल्याने काचेतून हात उंचावला, सगळं ठीक. त्यानंतर कितीतरी दृश्यं अशी झाली. मला कधीकधी भास व्हायचा की मलाही ऐकू येतंय. मी मान झटकून घ्यायची.

एकच अडचण होती, मास्तरांचा खोकला. पूर्वी गोंगाटात तो कुणाला कळला नसता. आता शॉट लांबलचक, आणि तेवढा वेळ ते खोकला छातीत दाबून धरत. कपाळाची शीर तट्ट फुगायची, डोळे लाल व्हायचे, पण गज थांबायचा नाही. शॉट संपला की बाहेर पळायचे आणि भिंतीला धरून खोकत बसायचे. मी पाणी नेऊन द्यायची. “काही नाही, काही नाही,” म्हणायचे, “आत साठवलेलं खर्चतोय.”

शेवटच्या दृश्याचा दिवस आला. मुलगा घर सोडून जातो. आई दारात उभी राहून रिकाम्या जिन्याकडे बघत म्हणते, “जा. मी काही बोलणार नाही. दार उघडंच ठेवते.” मग ती काही बोलत नाही, नुसती रडते. त्या शांततेवर सगळा चित्रपट उभा होता. मी मावशीचा घट्ट अंबाडा बांधला होता. मालक स्वतः खुर्ची टाकून बघायला बसले होते.

तिने वाक्य म्हटलं. पाणी डोळ्यांच्या काठावर आलं. आणि मास्तर खोकले. एकदाच, छोटासा, कोरडा.

आवाजवाला डबे फेकून बाहेर आला आणि त्यांना वाटेल ते बोलला. साहेबांनी कपाळावर हात मारला. मालक उठून उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मावशीच बोलली. घाबरली होती ती, मला माहीत आहे. जीव टांगणीला लागलेला माणूस समोर सापडेल त्याच्यावर उलटतो. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं करायला नको होतं.

“खोकायचंच असेल तर घरी बसून खोका, मास्तर. उद्यापासून येऊ नका.”

मास्तरांनी मान हलवली. “बरं, बाई.” गज पेटीत ठेवला, पेटी मिटली आणि बाहेर गेले. गाद्यांमुळे त्यांच्या पावलांचाही आवाज झाला नाही.

मालकांनी मधली राहिलेली दृश्यं आधी उरकायला सांगितली आणि शेवट पुढच्या आठवड्यावर टाकला. मावशी पहिल्याच दिवशी पस्तावली, पण मान तुकवून कुणाला बोलवायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. “येतील आपणहून,” म्हणायची. जेवताना, केस विंचरताना, माझ्याशी बोलताना तिची नजर खाली डावीकडे जायला लागली. तिथे फरशी असायची, नाहीतर कचऱ्याची टोपली. आठवड्याच्या शेवटी म्हणाली, “जा, घेऊन ये त्यांना. म्हणावं, चुकलं माझं.”

शिंपीण मशीनवर बसली होती. मला बघून तिने पाय थांबवला. “उशीर केलात हो. परवाच पोचवून आलो. कुणाला कळवायचं तेच माहीत नव्हतं.”

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “फार खोकायचे का शेवटी?”

“खोकतायत कुठले! उशीचा कोपरा तोंडात धरून पडलेले असायचे. म्हटलं, खोका की हो मोकळे, इथे कोण ऐकतंय? तर म्हणाले, सवय झालीय.” तिने पदराने नाक पुसलं आणि राळेची डबी माझ्या हातात ठेवली. “फिडल विकून औषध आणलं. हे कोण घेणार?”

मी मावशीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. उशीचंही सांगितलं. लपवायला हवं होतं असं काही लोक म्हणतील, मला तसं वाटत नाही. तिने डबी उघडली, वास घेतला आणि मिटली. डोळे कोरडेच. उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सेटवर ती बुटकी खुर्ची कुणीतरी कोपऱ्यात सारून तिच्यावर रंगाचे डबे ठेवले होते. मावशीने स्वतः डबे उतरवले, खुर्ची पुसली, उचलून जागेवर आणून ठेवली आणि तिच्यावर ती राळेची डबी ठेवली. मग मला म्हणाली, “आज केस बांधू नकोस.”

साहेब कुरकुरले. मावशी म्हणाली, “मुलगा जातोय आणि ही बाई वेणीफणी करून उभी राहील?” तिने केस मोकळे सोडले.

मी खुर्चीच्या अगदी जवळ उभी होते. दारं बंद झाली. दिवे लागले, उकाडा वाढला. मावशी म्हणाली, “जा. मी काही बोलणार नाही. दार उघडंच ठेवते.” तिची नजर खाली डावीकडे, रिकाम्या खुर्चीवर आली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिच्या मानेत एक हलकी लय सुरू झाली, मास्तरांचा गज खाली-वर होताना असायची तशी, आणि ती रडायला लागली. मी तिला इतकी वर्षं रडताना बघितलं होतं, पण त्या दिवशी मला बघवेना. मी खुर्चीकडेही बघितलं नाही. हिंमत झाली नाही, हे सरळ सांगते. पण कान उघडे होते, आणि तिथे कुणी हललं नाही, शिंकलं नाही, खोकलं नाही.

शॉट संपल्यावर आवाजवाला हळूच बाहेर आला. चेहरा पांढराफटक. त्याने एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि म्हणाला, “ठीक आहे.”

चित्रपट लागला तेव्हा पहिल्या खेळाला आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. हॉल गच्च भरलेला. शेवट आला. पडद्यावर मावशी मोकळ्या केसांनी दारात उभी. “दार उघडंच ठेवते.” शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी खोकलं. एकदाच, छोटंसं, कोरडं.

मावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “हॉलमधे शंभर माणसं असतात मावशी, कुणीतरी खोकलं.”

“उद्या परत येऊ,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परत खोकला. तिसऱ्या दिवशीही, त्याच जागी, तसाच. मी स्वतःची समजूत घालायला बघत होते की जुना, फुकट गेलेला शॉट चुकून जोडला असेल. पण जुन्या शॉटमधे मी अंबाडा बांधला होता, आणि पडद्यावर केस मोकळे होते. मी कंपनीत जाऊन आवाजवाल्याला गाठलं.

“मी तेव्हाच ऐकला,” तो म्हणाला. “बाहेर येऊन बघितलं तर सगळ्यांची तोंडं मिटलेली.”

“मग बोलला का नाहीत?”

तो बराच वेळ कानांचे डबे पुसत राहिला. “त्या माणसाला दोनदा कसं हाकलायचं, ताई?”

चित्रपट धो धो चालला. मालक पेढीवरून आमच्या घरी आले, पुढच्या तीन चित्रपटांचं बोलणं घेऊन. मावशी म्हणाली, “आता नाही जमायचं.” त्यांना वाटलं भाव वाढवतेय. तिने दार उघडून धरलं आणि ते गेले. झालं, अश्रूंच्या राणीचं राज्य एवढ्यावर आटोपलं. मी चिडले, भांडले, आपण खायचं काय असंही विचारलं. “शिवणकाम विसरले नाहीये,” ती म्हणाली. आणि रोज दुपारी डोक्यावरून शाल घेऊन चित्रपटाला जायला लागली. मी सोबत जायची. सुरुवातीला काळजीने, मग सवयीने. इतकी वर्षं मास्तरांनी वाजवलं, त्यातला एक स्वर जगात कुठे राहिला नाही, कारण मुका चित्रपट काही धरून ठेवत नाही. राहिला तो फक्त खोकला, जो त्यांनी मरेपर्यंत दाबून धरला होता. मावशी तेवढ्यासाठी अख्खा चित्रपट बघायची.

शेवटी चित्रपट उतरायची वेळ आली. शेवटच्या खेळाला हॉलमधे मोजकी माणसं होती. आमच्या पुढे एक गृहस्थ बायकोला घेऊन बसले होते, चांगले शिकलेसवरलेले, नाकाने कांदे सोलणारे. पडद्यावर मावशी म्हणाली, “दार उघडंच ठेवते.” शांतता झाली. खोकला आला.

गृहस्थ उठून मागे वळले. “शू! कोण आहे ते? खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोका!”

मावशी उठून उभी राहिली. शाल खांद्यावर पडली होती.

“खोकू द्या त्यांना,” ती म्हणाली.

तो जाडसर, भरलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. गृहस्थांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. बायकोने त्यांचा हात ओढून त्यांना खाली बसवलं. पडद्यावरची मावशी खाली डावीकडे बघून रडत होती. हॉलमधली मावशी आमच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. “खोका हो मास्तर,” ती हळूच म्हणाली, “खुशाल खोका.”

बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे रुमाल मागितला. माझ्याकडे नव्हता. तिला कधी रुमाल लागेल असं मला वाटलंच नव्हतं.